१९ नर आणि जागा एक: कोंबडा निवडीच्या नोंदी

११ जानेवारी

आज उबवणीचा २१ वा दिवस. ४८ पैकी ३८ पिल्लं बाहेर आली. आठव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तेव्हा पाच अंडी काढली होती, तीन एकदम कोरी आणि दोनांत रक्ताचं कडं, आणि आज पाच आतच राहिली, एवढं चालायचंच.

ह्या वेळी पहिल्यांदाच कुठलं पिल्लू कुठल्या कोंबडीचं ते लिहून ठेवतोय. सहा कोंबड्या वेगळ्या ठेवून सापळ्याचं खोकं लावलं होतं, म्हणजे कोंबडी आत शिरली की दार पडतं आणि अंडं घालून झालं की आपण जाऊन तिला सोडायचं, अंड्यावर पेन्सिलने खूण करायची. दहा दिवस दिवसाला पाच-सहा चकरा. घरच्यांनी वेड्यात काढलं. १८ व्या दिवशी प्रत्येकीची अंडी वेगळ्या टोपलीत ठेवली आणि आज पिल्लं सुकल्यावर पायात आईच्या रंगाची प्लास्टिकची रिंग घातली. कोंबड्यांना नावं नाहीत, रिंगचा रंग तेच नाव.

मागच्या वर्षीचा हिशोब वहीत आहे तो इथे उतरवतो म्हणजे सारखं शोधायला नको: निळी २१४ अंडी, लाल २०१, पांढरी १८६, पिवळी १७७, हिरवी १७०, काळी १४३ (दोनदा खुडूक बसली, उठायचं नावच नाही).

पिल्लं: निळीची ८, लालची ७, काळीची ७, पांढरीची ६, हिरवीची ६, पिवळीची ४.

बाप सगळ्यांचा एकच, आपला म्हातारा, चार वर्षांचा, एकेरी तुऱ्याचा. अजून काम चोख करतो पण आता त्याच्याच लेकी कळपात येणार, म्हणजे बाप-लेक असा जोड लागणार, तो टाळायचा तर नर बदलायलाच हवा. सहाही कोंबड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, एकमेकींशीही नाही, वेगवेगळीकडून आलेल्यात. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

१५ फेब्रुवारी

पाच आठवडे झाले. पिवळीची दोन पिल्लं पहिल्याच आठवड्यात गेली, म्हणजे ३६ उरली. तुऱ्यावरून साधारण अंदाज येतोय, ज्यांचा तुरा आत्ताच लालसर आणि पाय जाड ते नर, पण पैज लावणार नाही. खरं कळतं ते दहा-बारा आठवड्यांनी, शेपटीच्या वर पाठीवर लांब टोकदार चमकदार पिसं आली की. मादीची तिथली पिसं गोल टोकाची असतात.

रिंगा घट्ट व्हायला लागल्या होत्या म्हणून सगळ्या काढून मोठ्या घातल्या. थोड्या सैल वाटतायत. पाय वाढतील तशा बसतील.

८ मार्च

बसल्या नाहीत.

आठ आठवड्यांचं पहिलं वजन करायला सगळ्यांना पकडलं तर तिघांच्या पायात रिंगच नाही. ब्रूडरच्या (पिल्लांना उबेत ठेवायची जागा) भुशात शोध शोध शोधल्या, एक मिळाली, काळ्या रंगाची, पण कोणाच्या पायातून पडली ते कसं कळणार. एवढे दहा दिवस सापळ्याच्या खोक्यापुढे चकरा मारल्या त्या कशासाठी. आज सगळ्यांना पंखाच्या पडद्यात धातूचे नंबर टॅग लावले, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पायाच्या बोटांमधल्या पडद्याला भोक पाडायची पद्धत तर त्याहून सोपी, दोन पायांचे मिळून चार पडदे, भोक असणं-नसणं धरून १६ वेगवेगळ्या खुणा होतात, मला तर सहाच हव्या होत्या.

असो. रिंगा मोजल्या: निळी ८, लाल ६, पांढरी ६, हिरवी ६, काळी ५, पिवळी २. म्हणजे हरवलेल्या तीन रिंगांत एक लाल आणि दोन काळ्या. बिनरिंगवाले तिघे म्हणजे दोन नर आणि एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली मादी).

नर १९, तलंगा १७. नरांना १ ते १९ नंबर.

वजन ६२० ते ८९० ग्रॅम. सगळ्यात जड ७ नंबर, आणि तोच नेमका बिनरिंगवाला. वजन करताना एक गाढवपणा केला, पहिले सहा नर सकाळी उपाशीपोटी तोलले आणि बाकीचे खाणं झाल्यावर, आणि भरलेल्या अन्नपिशवीने सहज ५०-६० ग्रॅम फरक पडतो, म्हणून संध्याकाळचा सगळा खेळ रद्द करून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत सगळे तोलले. वरचे आकडे दुसऱ्या दिवशीचे.

आज पाच काढले. दोघांचं मागचं बोट मागे न जाता बाजूने पुढे वळलेलं, बदकाच्या पायासारखं. एकाच्या एकेरी तुऱ्याला मागे बाजूने फाटा फुटलाय, दिसायला किरकोळ पण पुढच्या पिढीत परत येऊ शकतं. दोन जण वजनात खूपच मागे. एका नराची मधली बोटं किंचित वाकडी आहेत, त्याला मात्र ठेवलाय, कारण वाकडी बोटं कधी उबवताना उष्णता कमी-जास्त झाल्याने किंवा ब्रूडरच्या गुळगुळीत तळामुळेही होतात, दरवेळी रक्तातलंच असतं असं नाही. बघू.

उरले १४.

५ एप्रिल

१२ आठवडे. १.२ ते १.७ किलो.

आज नजरेपेक्षा हाताने बघितलं. रात्री, अंधारात, सगळे दांडीवर शांत बसलेले असताना एकेकाला उचलायचं, धडपड नाही आणि हाताला नीट कळतं. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवायचं, सरळ हवं, वाक किंवा खाच नको. (वाक असेल तर तोही कधी कोवळ्या वयात अरुंद दांडीवर बसल्यामुळे येतो, म्हणून ह्या वेळी दांडी उशिरा आणि रुंद लावली, तरी दोघांना आलाच.) मग छातीच्या दोन्ही बाजूंना किती मांस आहे, पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत सपाट आणि रुंद आहे का, दोन पायांच्या मधे किती बोटं बसतात. अरुंद पाठ आणि गुडघ्याशी जुळलेले पाय हे बहुतेक वेळा एकाच पक्ष्यात सापडतात.

पंख उघडून बघितले. बाहेरची दहा मोठी पिसं, मग मधलं छोटं पीस, मग आतली पिसं. मधल्या जागी फट पडलेली असेल तर पंख दुभंगलेला म्हणतात. एक निघाला. काढला.

हाडाला वाक असलेले दोन, हा एक, आणि वाकड्या बोटांचा तो, जो चालताना आता एका पायावर जास्त भार टाकतोय. उरले १०.

७ नंबर हातात घेतला की वीट उचलल्यासारखा लागतो. त्याच्याएवढा भरलेला दुसरा नाही. आणि आई माहीत नाही. डोक्याला शॉट.

आज डोकं लावून थोडं पुढे सरकलो. दुसरा बिनरिंगवाला नर ११ नंबर, त्याचा तुरा गुलाबासारखा चपटा, दाणेदार. सहा कोंबड्यांत तसा तुरा फक्त काळीचा आहे आणि म्हातारा एकेरी, म्हणजे ११ काळीचाच, प्रश्नच नाही. आता उरली एक लाल रिंग आणि एक काळी, आणि दोन पक्षी: ७ नंबर आणि ती तलंग. दोघांचे तुरे एकेरी. काळीच्या सगळ्या पिल्लांना गुलाबासारखा तुरा आला असता तर एकेरीवाले आपोआप लालचे ठरले असते, पण रिंगवाल्या पाचांत तीन गुलाबासारखे आणि दोन एकेरी, म्हणजे काळीकडे त्या तुऱ्याचं एकच जीन आहे, अर्ध्या पिल्लांना देते, अर्ध्यांना नाही. तुऱ्याने एवढंच सांगितलं. पुढे गप्प.

३ मे

१६ आठवडे. ह्या महिन्यातली मोठी गोष्ट वाईट आहे.

हिरवीचा १४ नंबर आठवड्यापूर्वी लंगडायला लागला. आधी वाटलं उंचावरून उडी मारून पायाला लागलं असेल, तळवा बघितला, सूज नाही, जखम नाही. मग एक पाय पुढे एक पाय मागे ताणून पडून राहायला लागला. चार दिवसांनी तिचीच एक तलंग तशीच. जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या तलंगेचं पोस्टमॉर्टेम केलं, मांडीतला मज्जातंतू एका बाजूला चांगलाच जाड झालेला, मरेक्स म्हणाले, कोंबड्यांचा विषाणूचा रोग. लस सगळ्यांना पहिल्या दिवशी दिलेली होती, पण ही लस विषाणूला शरीरात शिरण्यापासून थांबवत नाही, रोग आणि गाठी होण्यापासून वाचवते, आणि तेही प्रत्येकाला नाही. हा विषाणू अंड्यातून पिल्लात जात नाही, पिसांच्या कोंड्यातून पसरतो, म्हणजे खुराड्यात तो सगळ्यांनाच भेटलाय. छत्तीसही जण त्याच कोंड्यात श्वास घेत होते, आणि आजारी पडले ते दोघं हिरवीचेच. दोनावरून सिद्ध काही होत नाही हे कळतं मला, पण तग धरायची ताकद काही प्रमाणात घराण्यात असते हेही खरं, तेव्हा हिरवीचा दुसरा नरही काढला आणि हिरवीला ह्या वर्षी उबवणीतून बाद. ती स्वतः ठणठणीत आहे बिचारी.

त्या निमित्ताने सगळ्यांचे डोळे उजेडात बघितले. बुबुळाचा रंग दोन्हीकडे सारखा हवा, बाहुली गोल आणि कडा स्वच्छ. राखाडी पडदा किंवा वेडीवाकडी कड दिसली की सरळ बाहेर. कोणाची नाही.

वजनं १.७ ते २.४ किलो. अजून दोन काढले. त्यातला ११ नंबर, ज्याच्या आईचा मी शोध लावला तो, वजनात पार मागे पडला. दुसरा एक तुरा-बिरा लवकर येऊन दोन महिन्यांपूर्वी सगळ्यात रुबाबदार दिसत होता, पहिला आरवलाही तोच, पण वाढ तिथेच थांबली.

उरले ६: ३ (पांढरीचा), ५ (लालचा), ७ (?), १२ (निळीचा), १५ (निळीचा), १८ (पिवळीचा).

३१ मे

२० आठवडे. सहाही आरवतात. आमच्या पोरीला आवाजावरून नंबर ओळखता येतात, मला नाही.

आज वहीसमोर बसून एक तक्ता केला, वजन, पाठ, छाती, पाय, पिसं, प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि बेरीज केल्यावर ७ पहिला आला आणि १२ चौथा. मग तक्त्याकडे बघत बसलो. मला ह्या नराकडून मुख्य हवीत अंडी, आणि तो स्वतः तर आयुष्यात एकही घालणार नाही. तक्त्यात जे जे लिहिलंय ते सगळं मांसाचं आणि दिसण्याचं. अंड्यांबद्दल कोंबड्याच्या अंगावर काहीही लिहिलेलं नसतं, ते बघायचं तर त्याची आई आणि सख्ख्या बहिणी बघायच्या. कोंबडी तिच्या स्वतःच्या पिल्लांना अर्धं रक्त देते आणि कोंबडा कळपातल्या प्रत्येक पिल्लाला देतो, म्हणून एक कोंबडी चुकली तर तिची पाच-सात पिल्लं चुकतात, कोंबडा चुकला तर अख्खं वर्ष जातं.

तेव्हा तक्ता चाळणी म्हणून ठेवायचा, क्रम लावायला नाही. अंगाने जे पास झाले ते सहाही पास. पुढचा निकाल बहिणींचा.

सहाजणांना अजूनही वाढीचंच खाद्य चालू आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते नरांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पुढे एकत्र ठेवल्यावरही सगळ्यांना साधं खाद्य आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, ज्याला लागेल तो खाईल.

१४ जून

म्हाताऱ्याला आज कोंबड्यांपासून वेगळं केलं. कोंबडीच्या आत नराचं बीज साठून राहतं, दोन आठवडे आरामात, कधी तीनही, म्हणून नवा नर सोडण्याआधी चार आठवडे गॅप ठेवतोय, नाहीतर कागदावर बाप एक आणि पिल्लात दुसरा.

स्वभावाच्या नोंदी, दोन आठवडे रोज संध्याकाळी बादलीवर बसून:

१५ नंबर पाठीमागून येऊन बुटावर मारतो. एकदा नाही, चार वेळा. मी वळून उभा राहिलो की चरल्यासारखं करतो आणि पाठ फिरली की परत. पोरीच्या पोटरीला ओरखडा काढला त्या दिवशी निकाल लागला. काही लोक म्हणतात उचलून काखेत घेऊन फिरवा, सुधारतो. सुधारतही असेल. पण हा गुण काही अंशी पिल्लांत उतरतो आणि पुढच्या वर्षी अशा आठ जणांना मी काखेत घेऊन फिरणार नाहीये. काढला. निळीचा होता म्हणून जीवावर आलं, पण तिचा १२ आहे.

१२ नंबर दाणा सापडला की चोचीत उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो आणि टुक टुक टुक करून तलंगांना बोलावतो. त्या आल्या की स्वतः बाजूला. अधूनमधून दाणा नसतानाही तसंच बोलावतो आणि ती आली की एक पंख खाली घासत तिच्याभोवती गोल फिरतो, लबाड. पण एकंदरीत तलंगा त्याच्याजवळ निवांत चरतात, पळून दांडीवर चढत नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१८ नंबर तलंगांना कोपऱ्यात दाबतो, नाच नाही, बोलावणं नाही, सरळ झडप. दोघींच्या मानेची पिसं गेली. काढला.

७ नंबर तलंगांकडे फारसं लक्ष देत नाही अजून पण पहारा जबरदस्त. वर घार दिसली की एकच लांब बारीक आवाज आणि सगळ्या झुडपात, आणि मांजर दिसलं की वेगळा, तुटक कटक-कटक. दोन्ही आवाज मला आता ओळखता येतात.

५ नंबर ठीक. त्याच्याबद्दल लिहायला काही सापडतच नाही.

५ जुलै

२५ आठवडे. तलंगा अंड्यावर आल्या आणि हे पान सगळ्यात जास्त वेळा उघडलं जाणार.

निळीच्या चार लेकी, पहिलं अंडं १४९, १५१, १५६ आणि १६० व्या दिवशी. लालच्या रिंगवाल्या तिघी १६० ते १७१. पांढरीच्या १५८ ते १७०. काळीच्या रिंगवाल्या दोघींपैकी एक १७४ व्या दिवशी, म्हणजे काल, आणि दुसरीचा अजून पत्ता नाही. लवकर सुरू केलं म्हणजे वर्षभर भरपूर देईल असं नाही, हे मलाही माहितीये, पण आईचा आकडा आणि लेकींचा आकडा एकाच दिशेला बोट दाखवतायत.

आणि आता ती बिनरिंगवाली तलंग. १६६ व्या दिवशी सुरू झाली. लालची अंडी गडद तपकिरी असतात, तिच्या तिन्ही लेकींचीही गडद. काळीची फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाची, आणि तिच्या त्या लेकीचं कालचं अंडंही फिकट. बाप सगळ्यांचा एकच, म्हणजे रंगातला फरक बहुधा आईकडूनच आलेला. बिनरिंगवालीची पाच अंडी ओळीने लालच्या लेकींच्या अंड्यांशेजारी ठेवली आणि बायकोला काही न सांगता विचारलं ह्यातली वेगळी कुठली, तिला सांगता आली नाहीत. काळीच्या लेकीचं मधे ठेवलं तर ते लगेच उचललं.

म्हणजे ती लालची. म्हणजे ७ नंबर काळीचा. १४३ अंडीवालीचा.

शपथेवर सांगण्याइतकं हे पक्कं नाही, अंड्याचा रंग एका जीनवर ठरत नाही. पण वागायचं ह्याच हिशोबाने.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

१२ जुलै

वाटणी झाली.

१२ नंबर मुख्य नर. त्याच्याकडे लाल, पांढरी, काळी आणि आधीच्या वर्षांच्या पाच कोंबड्या, ज्या म्हाताऱ्याच्या नात्यात नाहीत. मुद्दाम त्याच्याच वयाच्या तलंगा दिल्या नाहीत, कारण बाप एक असल्याने त्या निदान सावत्र बहिणी, पिल्लांत १२.५ टक्के अंतःप्रजनन, आणि सख्ख्या बहिणीशी लागला तर २५. आईशी लागला तरी २५. परक्या आयांशी मात्र शून्य. शिवाय जुन्या कोंबड्या दोन-तीन वर्षं जगून, आजार काढून, अंडी देऊन दाखवलेल्या आहेत, तलंगांनी अजून काहीच दाखवलेलं नाही.

आता निळी स्वतःच्या मुलाला देता येत नाही, म्हणजे सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडीच मोकळी राहते. तिला दुसरा नर लागणारच होता. ५ आणि ३ दोघांच्या आया अंड्यांत काळीपेक्षा बऱ्या, तरी मी ७ ला निवडला. अंगाचा असा भरणा परत कधी मिळेल सांगता येत नाही, आणि अंड्यांची बाजू निळी सांभाळेल असा हिशोब. दादा म्हणाला तुला तो पहिल्यापासूनच ठेवायचा होता, आता कारणं शोधतोयस. असेलही. त्याच्याकडे निळी आणि पिवळी, दोघीच. दोन कोंबड्यांवर एक दांडगा नर दिवसभर म्हणजे आठवड्यात पाठी सोलल्या जातील, म्हणून त्याला फक्त दुपारनंतर सोडतो, कोंबड्यांचं मीलन तसंही बहुतेक दिवसाच्या शेवटच्या प्रहरात होतं. पायांचे काटे अजून छोटे आहेत, नखं कानशीने गोल केली.

३ नंबर राखीव. ५ एका ओळखीच्यांकडे गेला.

२१ जुलै

दोन्हीकडची दोन-दोन अंडी फोडून बघितली. बलकावरचा पांढरा ठिपका १२ कडच्या दोन्हींत गोल कड्यासारखा, म्हणजे फळलेलं. ७ कडच्या एकात कडं, एकात नुसता घट्ट वेडावाकडा ठिपका. नवशिका आहे, एक आठवडा देऊ.

२ ऑगस्ट

अंडी लावली. १२ ची २४, ७ ची ११ (निळी ७, पिवळी ४). दहा दिवसांपेक्षा जुनं एकही नाही. ३७.५ अंश.

१२ चं वजन तीन आठवड्यांत १८० ग्रॅम उतरलंय. स्वतः खातच नाही, सगळं बायकांना. त्याला रोज सकाळी अर्धा तास वेगळं खायला घालतोय.

१० ऑगस्ट

टॉर्च. १२ ची दोन कोरी. ७ चं एक कोरं, पिवळीचं. बाकी सगळ्यांत कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या स्वच्छ.

२३ ऑगस्ट

१२ ची १९, ७ ची ९. निळीची सातच्या सात.

ह्या वेळी टोपल्या आईप्रमाणे आणि बापाप्रमाणेही वेगळ्या. सुकलेलं पिल्लू टोपलीतून थेट माझ्या हातात, बोटांमधल्या पडद्याला भोक, वहीत खूण, मगच ब्रूडर. निळी आणि ७ यांना डाव्या पायाचा बाहेरचा पडदा. पोरगी वही धरून बसली होती आणि प्रत्येक पिल्लाला दोनदा मोठ्याने वाचून घेत होती. पहिल्या दोघांचं भोक अर्धवट पडलं, चामडीचा तुकडा लटकत राहिला, तो तसाच ठेवला तर भोक बुजतं, म्हणून परत दाबून पूर्ण काढला. बाकीची २६ नीट झाली. ब्रूडरमध्ये २८ मोजली, वहीत २८.

रिंगांचं पाकीट पोरीने तिच्या खेळण्यात नेलं.